अर्धा टक्का

शैलाताईंचा फोन आला तेव्हा सासूबाई मागच्या दारात ओल्या शेंगा निवडत बसल्या होत्या. फोन मी घेतला. पलीकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं, मग "वहिनी, आईला द्या." सासूबाईंचे हात मातीचे होते, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला धरून उभी राहिले.

"कधी?" त्या म्हणाल्या. "कुठं?... शुद्धीवर आहेत का?... डॉक्टर काय म्हणतात?"

मग बराच वेळ त्या फक्त ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रडू नको. पैशाचं मी बघते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात ते कधी म्हटलं असेल असंही वाटत नाही.

शैलाताई माझ्या धाकट्या नणंद. त्या गडहिंग्लजला असायच्या. त्यांचे यजमान दिनकरराव शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे. निपाणी रस्त्यावर त्यांच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली होती आणि गुडघ्याखाली पाय चेचला होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात एक ऑपरेशन झालं होतं. त्यातच घरातलं होतं नव्हतं ते संपलं. दुसरं ऑपरेशन चार-पाच दिवसांत झालं तर पाय राहील, नाहीतर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यासाठी दोन लाख हवे होते.

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मुकुंदा आला की उद्याच बँकेत जाते. माझ्या नावावर आहेत ना अठरा लाख."

ते अठरा लाख कसले, हे सांगायला हवं.

मुकुंद तारळेकर म्हणजे माझे यजमान. सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत ते लेखापाल होते. माणूस निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. त्यांना नाद होता तो एकच, व्याजाचा. आमच्या घरात पगार यायचा, पण तो कुणाला दिसायचा नाही. आल्या दिवशीच तो खात्यातून आपोआप ठेवीत जाईल अशी सोय यांनी करून घेतली होती. मग घर कशावर चालायचं? पगाराच्या खात्यावर बँक वीस हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट द्यायची. म्हणजे खात्यात शिल्लक नसली तरी उचल घ्यायची. ठरलेल्या मुदतीत भरली तर त्यावर व्याज नाही, फी नाही. दूधवाला, किराणा, वीजबिल, सगळं त्या उचलीवर चालायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे एखाद्या पिकलेल्या छोट्या ठेवीतून उचल भरायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे.

"घर बँकेच्या पैशावर चालतं," हे लोकांना सांगायचे, "आणि आपल्या पैशावर बँक आपल्याला व्याज देते."

सासूबाईंना ते पटायचं नाही. "दर महिन्याला उसनवारी? तुझ्या वडिलांनी कधी कुणाचा रुपया ठेवला नव्हता रे," असं त्या म्हणायच्या. हे हसायचे.

रविवारी कॉलनीतले लोक सल्ल्याला यायचे. कुणाचं दुकान असायचं, कुणाचा दवाखाना. चालू खात्यात पैसे नुसते पडून आहेत असं कुणी म्हटलं की यांना खरोखर वाईट वाटायचं. "चालू खात्यात पैसा ठेवणं म्हणजे आपली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात बांधणं," हे म्हणायचे. "वैरण आपली, दूध त्याचं." मग कागद घेऊन आकडे मांडून द्यायचे. त्याचा एक पैसा घेत नसत. पतसंस्थेत जास्त दर मिळतो म्हणून कुणी निघाला तर त्याला अडवायचेही. माणूस लबाड नव्हता, एवढं मी आजही म्हणेन.

कुपवाडचा आमचा प्लॉट विकला तेव्हा अठरा लाख आले. त्या वेळी मुदतठेवीला नऊ टक्के मिळत होते आणि साठीपुढच्या माणसांना साडेनऊ. यांनी सगळी रक्कम पाच वर्षांसाठी सासूबाईंच्या एकटीच्या नावावर ठेवली. वारस म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्या दिवशी सासूबाई ठेवणीतली इरकल नेसून रिक्षातून बँकेत गेल्या होत्या. येताना पेढे घेऊन आल्या. संध्याकाळी भजनी मंडळात त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं, "मुकुंदानं सगळं माझ्या नावावर केलं."

शेजारच्या कमळाक्का म्हणाल्या, "नशीब काढलंत. आमच्याकडं पोरं आईचं असेल ते आपल्या नावावर करून घेतात."

त्यानंतर तीन वर्षं सासूबाई जराशा ताठ चालायच्या. कुणाला ते जाणवलं नसेल, मला जाणवायचं. भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या त्याही मोठ्या आवाजात.

त्या संध्याकाळी हे गिरणीतून आले. हातपाय धुऊन होईपर्यंतसुद्धा सासूबाईंना दम निघाला नाही. अपघाताचं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या दोन लाख काढायचेत."

"कशातनं?"

"माझ्या ठेवीतनं."

हे टॉवेलनं तोंड पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "ती मोडता यायची नाही, आई."

"का? त्या दिवशी बँकेतला माणूस म्हणाला होता, कधीही मोडता येते."

"येते. पण दर कमी होतो, वर एक टक्का दंड बसतो. एकच पावती आहे. दोन लाखांसाठी अठराच्या अठरा लाखांवर तोटा सोसायचा?"

"माणसाचा पाय आहे, मुकुंदा."

"मी कुठं नाही म्हणतोय? ओव्हरड्राफ्टमधनं वीस हजार देतो ना उद्या. बिनव्याजी आहेत, शैलाला सवडीनं फेडता येतील."

"वीस हजारात पाय वाचतो?"

"दिनकररावांना मी दहा वेळा सांगितलं होतं, विमा काढा म्हणून," हे म्हणाले. "कुणी ऐकतं का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हटलं, "अहो, नंतर परत ठेवता येईल की ठेव."

"आजच्या दरानं, नलू," हे म्हणाले. "आजचा दर खाली आलाय."

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्या उठून यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "पण ते माझ्या नावावर आहेत ना?"

हे रागावले असते तर बरं झालं असतं. पण रविवारी येणाऱ्या लोकांना समजावतात तसं शांतपणे यांनी त्यांना समजावलं. "आई, नावावर आहेत. तुझे नाहीत. साठीपुढच्या माणसाला अर्धा टक्का जास्त मिळतो, म्हणून तुझं नाव घातलं. नाव कुणाचंही चाललं असतं. वय पाहिजे होतं, एवढंच."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आत येऊन पानं घेतली. यांना वाढलं, मला वाढलं. स्वतः उपास आहे म्हणाल्या. त्या दिवशी कसला उपास होता, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर सासूबाई कापडी पिशवी घेऊन माझ्यापुढं आल्या. "नलू, बँकेत येतेस माझ्याबरोबर?"

मला भीती वाटली आणि, खरं सांगते, बरंही वाटलं. म्हटलं, घेऊ देत. घरात चार दिवस आदळआपट होईल, पण दिनकररावांचा पाय राहील. मी चप्पल घातली.

बँकेत आवटी नावाच्या तरुण अधिकारी होत्या. सासूबाईंना त्यांनी खुर्ची दिली. ठेव मोडायची म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि विचारलं, "सगळी मोडायची, आजी? आणखी दोन वर्षं आहेत मुदतीला. दंड बसेल."

"सगळी."

आवटीबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. तिथं आलेल्या म्हाताऱ्या बायकांमागं कोण उभं असतं, हे त्यांना सवयीनं बघावं लागत असणार. मग त्या पुढं वाकून सासूबाईंना हळू म्हणाल्या, "कुणी जबरदस्ती करत नाही ना? पैसे कायद्यानं तुमचेच आहेत. मुलाची सही लागत नाही, सुनेची लागत नाही."

"कायद्यानं असतील," सासूबाई म्हणाल्या. "मला एक हिशेब करून द्याल का?"

"बोला ना."

"साठीच्या पुढं म्हणून मला अर्धा टक्का जास्त दिलात. तीन वर्षांत त्याचे किती झाले?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितलं. मी सांगत होते, पण कशासाठी ते मलाही कळलं नव्हतं. त्यांनी आकडे टाकले. "सरळ हिशेबानं सत्तावीस हजार, आजी."

"तेवढे मला रोख द्या. बाकी सगळे मुकुंद तारळेकरच्या खात्यावर टाका."

मी त्यांचा दंड धरला. "आई, असं काय करता? दोन लाख घ्या. शैलाताई तिकडं वाट बघतायत."

"ते माझे नाहीत, नलू."

"मुलाचेच आहेत ना?"

"त्यानं दिले नाहीत. न देता घेतले तर त्याला चोरी म्हणतात."

"आई, पाय जाईल हो त्यांचा."

त्या माझ्याकडं वळल्या. ओठ आत घट्ट ओढलेले होते. "मला कळत नाही असं वाटतं का तुला?" त्या म्हणाल्या. "रात्रभर तेच करत होते मी. घ्यावेत, घ्यावेत, असं हजारदा झालं. पण मग हा म्हणाला ते बरोबरच की. मग मी वय वाढलेलं एक नावच. हे सत्तावीस माझ्यामुळं आलेत, ते मी नेते. दुसऱ्याचं कसं नेऊ?"

त्यांच्यापुढं कागद आले. अनसूया शंकर तारळेकर. प्रत्येक अक्षर सुटं काढत त्यांनी तीन ठिकाणी सही केली. आवटीबाई मध्ये एकदा म्हणाल्या, "आजी, अजून विचार करा." सासूबाईंनी मान हलवली आणि पेन परत केलं.

बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवली आणि कॉलनीचा पत्ता सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "नाही, स्टँडवर." तेव्हा मला पिशवीत घडी केलेली लुगडी दिसली.

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. मी हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढल्या आणि त्यांच्या पिशवीत टाकल्या. माझ्या आईनं घातलेल्या होत्या त्या. सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. गाडीत चढल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "दुपारी त्याचा डबा परत आला की लगेच विसळून ठेव, वास धरतो." गाडी निघाली.

हे तासाभरातच स्कूटरवरून घरी आले. ठेवीच्या कागदावर नंबर यांचाच होता, मोबाइलवर बँकेचा निरोप गेला होता.

"ठेव मोडली कुणी?"

"आईंनी."

"तू बरोबर होतीस?"

"होते."

"आणि मोडू दिलीस?" हे तसेच उभे राहिले. मग मोबाइल काढून खातं बघितलं. बघता बघता चेहरा सैल पडला. "पैसे तर माझ्या खात्यावर आलेत. सत्तावीस हजार तेवढे रोख काढलेत."

"ते त्यांच्या नावाचे. अर्ध्या टक्क्याचे."

यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा खाली बसले. मला वाटलं, आता हे आई कुठं आहेत ते विचारतील, शैलाताईंना फोन लावतील. मी टेबलावरचा फोन यांच्या जवळ सरकवलासुद्धा.

"दंड किती कापला, विचारलंस का?" हे म्हणाले.

"नाही. आई गेल्या शैलाताईंकडं. लुगडी घेऊन गेल्यात."

"येईल चार दिवसांनी. घ्यायचे होते तर सरळ दोन लाख घ्यायचे. त्या पोरीचं तरी काम झालं असतं. हे काय मिळवलं? माझं नुकसान, शैलाचं नुकसान." माझ्या हाताकडं यांचं लक्ष गेलं. "बांगड्या?"

"दिल्या."

हे परत मोबाइलवर दंडाचा आकडा शोधायला लागले. दोन दिवसांनी मला न सांगता वीस हजार शैलाताईंच्या खात्यावर पाठवले, ओव्हरड्राफ्टमधून.

दुसरं ऑपरेशन लांबलं. सत्तावीस हजार, बांगड्यांवरचं कर्ज, हे वीस हजार, गावातून कुणी दिलेले पाच, कुणी दहा. दोन लाख जमेपर्यंत पायात विष पसरलं होतं. गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला. पैसे वेळेवर मिळाले असते तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नाही. पण शैलाताईंना ते कुणी सांगायची गरजच उरली नव्हती.

मी एकटीच दवाखान्यात गेले होते. व्हरांड्यात शैलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूबाई आत जावयाला पेज भरवत होत्या.

"वहिनी, तुम्ही होतात ना बँकेत?" शैलाताईंनी विचारलं. "आईच्या हातात अठरा लाख होते, खरं ना?"

"होते."

"आणि तिनं ते परत केले?"

"केले."

"दादाचं मला नवल नाही वाटत," त्या म्हणाल्या. "तो लहानपणापासून तसाच. पण आई? त्याच्या एका बोलण्याचा तिला एवढा राग, की माझ्या नवऱ्याचा पाय त्यापुढं काही नाही?"

आतून सासूबाईंना ऐकू गेलं असणार. दार उघडंच होतं. चमच्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला.

त्या सांगलीला आल्याच नाहीत. गडहिंग्लजलाच राहिल्या. शैलाताई बरेच महिने आईशी कामापुरतं बोलायच्या. सासूबाई जावयाची पाठ चोळायच्या, त्यांना अंघोळ घालायच्या, लोकांच्या शेवया-कुरडया करून द्यायच्या आणि त्याचे पैसे लेकीच्या हातात ठेवायच्या. हे मला दिनकररावांनीच फोनवर सांगितलं. ते मात्र सासूबाईंवर कधी रागावले नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर हे अचानक म्हणाले, "आईला घेऊन येऊ या. वर्ष होऊन गेलं." मला काय वाटलं ते सांगत नाही. मी त्यांच्या खोलीतली गादी उन्हात टाकली, नवीन चादर आणली.

आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंनी आम्हाला पाणी दिलं, पाट दिले. पाहुण्यांना विचारतात तसं यांना विचारलं, "साखर चालते ना अजून?" त्या वाळल्या होत्या. दिनकरराव कुबडी बाजूला ठेवून ओट्यावर बसले होते, पुढ्यात एक मोटार उघडलेली. शैलाताई चहा ठेवायला गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

"आई, चल आता," हे म्हणाले. "झालं ते झालं. तुझी खोली तशीच आहे. नलूनं गादीबिदी घातलीय."

सासूबाई यांच्याकडं बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. पायांची जुळवाजुळव करून उठायलाही लागल्या होत्या, असं मला आजही वाटतं.

"आणि दर खाली चाललेत," हे पुढं म्हणाले. "पैसे माझ्या नावावर कमी दरानं पडून आहेत. आता बांधून ठेवले नाहीत तर पुढं एवढाही मिळायचा नाही. या वेळेला तुझ्या जोडीला माझं नाव घालू, म्हणजे तुलाही जड वाटायला नको."

यांच्या मनात पाप नव्हतं. आईला न्यायचं आणि ठेव ठेवायची ही यांना एकाच फेरीत होणारी दोन कामं वाटत होती.

दिनकररावांनी हातातला पाना खाली ठेवला.

"चहा घे, मुकुंदा," सासूबाई म्हणाल्या. "निवतोय."

निघताना हे पुढं स्टँडकडं चालायला लागले. सासूबाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. माझ्या मोकळ्या मनगटावर त्यांनी हात ठेवला आणि यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "नलू, मी निघून आले त्या दिवशी तो जेवला का गं?"

त्या दिवशी हे परत गिरणीत गेलेच नव्हते. दुपारी घरीच जेवले. वांग्याची भाजी होती. आकडेमोड करत जेवले आणि भाकरी संपल्यावर हात पुढं करून आणखी एक मागून घेतली. संध्याकाळीही जेवले. अगदी रोजच्यासारखं.

"नाही," मी म्हणाले. "दोन दिवस जेवले नाहीत."

सासूबाईंचा चेहरा बदलला. वर्षभर कुठंतरी आवळून धरलेलं एकदम सुटावं तसं झालं. "वेडा आहे," त्या म्हणाल्या. "उपाशी राहून काय मिळतं? असाच आहे लहानपणापासून, बोलून दाखवणार नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मला "थांब" म्हणून लगबगीनं आत गेल्या. चिवड्याचा डबा घेऊन आल्या. "त्याला दे. खोबरं जास्त घातलंय, त्याला आवडतं."

माघाच्या थंडीत त्या गेल्या. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी डबा यांच्या हातात दिला. "आईंनी दिलाय, तुमच्यासाठी."

"तयार नाहीच झाली ती," हे म्हणाले. झाकण उघडून एक मूठ तोंडात टाकली, मग दुसरी. निपाणी यायच्या आत डबा रिकामा झाला.